सोडलेलं परत मागितलं तेव्हा

यांना अर्धांगाचा झटका आला त्या दिवशी मी देवाला एक अक्षर बोलले नाही. सवडच झाली नाही. माधवनगरच्या आमच्या घरातून सांगलीच्या दवाखान्यात, तिथून दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात, औषधं आण, सही कर, पुण्याच्या लेकीला फोन कर, यात दिवस कसे गेले ते कळलं नाही. देव आठवला तो घरी आल्यावर, यांना खाटेवर निजवून मी दाराला टेकून उभी राहिले तेव्हा. सैन्यात हवालदार म्हणून नोकरी केलेला माणूस. रिटायर होऊन आल्यावरसुद्धा रोज सकाळी बुधगावच्या रस्त्यानं लांबवर चालून यायचा, त्यात कधी खंड नाही. त्या माणसाची डावी बाजू गेली होती. बोलणं जड झालं होतं, पण समजत सगळं होतं. डॉक्टर म्हणाले होते, पायात जीव येईल, काठी घेऊन का होईना हे चालतील. पण उठायचा प्रयत्न रोज व्हायला हवा, आणि तो यांनीच करायला हवा.

आमच्या घराण्यात नवस बोलायची एक रीत आहे. नारळ, पेढे, खण हे सगळेच बोलतात. आमच्यात मात्र आवडीची एक गोष्ट सोडायची आणि काम होईपर्यंत तिला शिवायचं नाही. हे मूळचे मेढ्याकडचे, जावळीतले. यांची पहिल्यांदा सीमेवर बदली झाली तेव्हा माझ्या सासूबाईंनी भात सोडला होता. भाताच्या मुलखात जन्मलेली बाई, पण लेक सुट्टीवर येऊन उंबऱ्यात उभा राहीपर्यंत त्यांनी शीत तोंडात घातलं नाही. ही हकिगत मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत होते. त्यामुळं माझ्यावर वेळ आली तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही. मी आमच्या भैरवनाथाचं नाव घेतलं आणि म्हणाले, नाथा, हे चालायला लागेपर्यंत केसांत फूल घालणार नाही. मला फुलांची भारी हौस. अबोलीचा असो, मोगऱ्याचा असो, गजरा नाही असा माझा दिवस जायचा नाही, आणि त्यावरून हे मला चिडवायचेही. म्हणून तेच दिलं. नावडतं देऊन देवाला कोण फसवणार?

व्यायाम करून घ्यायला एक ताई यायच्या. त्या गेल्यावर हे आपल्या मनानं उठायला बघायचे. एकदा मोरीपाशी पडले. खोक पडली नाही, पण मी हादरले. मला वाटलं, एक गजरा सोडून एवढ्या मोठ्या दुखण्याला काय होतंय! त्या संध्याकाळी देवापुढं उदबत्ती लावून मी भजन सोडलं. आमच्या आळीतल्या बायकांचं भजनी मंडळ आहे, दर गुरुवारी बसतं. माझा गळा बरा आहे, गवळण मला म्हणायला लावतात, आणि खोटं कशाला सांगू, चार जणींनी वाहवा केली की मला आठवडाभर पुरायचं. देवासाठी देवाचं नाव गायचं सोडलं, याचं आता हसू येतं. तेव्हा नाही आलं. पुढं हे अंगणात पडले तेव्हा मी वाकळ शिवणं सोडलं. जुन्या लुगड्यांची वाकळ हातानं शिवायची, दुपारच्या वेळी एकेक टाका घालत बसायचं, हे माझं लहानपणापासूनचं वेड. आणखी एकदा हे खाटेपाशीच गुडघ्यात मोडून खाली बसले तेव्हा माझ्याकडं द्यायला फार काही उरलं नव्हतं. शेजारी बांगड्यांचं दुकान असलेल्या भाभी राहतात. आमच्या दोघींच्या घरांना मिळून एक पायरी आहे. दुपारी त्या दुकानातून जेवायला आल्या की त्या पायरीवर आम्ही घटकाभर बसायचो, गावभरच्या गोष्टी करायचो. मी ते बसणं सोडलं. भाभींना कारण सांगितलं नाही, कारण नवस बोलून दाखवला की त्याचं बळ जातं असं आमच्यात मानतात. वेळ होत नाही, एवढंच म्हणाले.

दर वेळी सोडताना मी यांच्या खाटेपाशी येऊन सांगायची, नाथाला अमुक दिलं, आता बघा. घरच्या माणसाला सांगायला हरकत नव्हती. यांना धीर यावा, असा माझा हेतू. हे छताकडं बघत राहायचे.

आणि मग यांनी उठायचंच सोडलं. ताई आल्या की त्या हलवतील तेवढा हात-पाय हलवू द्यायचे, पण स्वतः होऊन पाय खाली टेकवायचे नाहीत. काठी भिंतीला लावून ठेवली होती ती तिथंच राहिली. मी समजावलं, रागावले, रडले. हे तोंड भिंतीकडं करून निजायचे. ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, काकू, असंच चाललं तर पाय आखडून जाईल, मग आमच्या हातात काही राहणार नाही. त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर राहीना. सकाळी डोळे उघडले की अंघोळ, अंथरूण, गोळ्या, नळाचं पाणी, लेकीचा फोन, सगळं एकदम अंगावर यायचं आणि कशाला आधी हात लावावा ते कळायचं नाही. भाजी चिरायला घ्यायची आणि अर्धी टाकून धुण्याला लागायचं, धुणं तसंच ठेवून गॅसपाशी यायचं. कधी कधी नुसती पाटावर बसून राहायची. रडू येत नव्हतं, राग येत नव्हता. जेवणात मीठ घातलं की नाही तेसुद्धा मला कळत नव्हतं. एकदा मनात आलं की आपण निजावं आणि उठूच नये. हा विचार मनात आला याचीच मला फार भीती वाटली.

यांची औषधं बदलून घ्यायला गेले तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघूनच विचारलं, तुम्ही झोपता का? मी काहीतरी उत्तर दिलं. माझ्या लेकीच्या वयाची ती बाई, पण हातातलं पेन खाली ठेवून बोलली. म्हणाली, औषध लागलं तर देऊच, पण रोज थोडा वेळ तुम्हाला आवडतं असं काहीतरी करा. छोटंसं. वाटत नसलं तरी करा, वाटणं मागून येतं. मी मान डोलावली आणि बाहेर येऊन मनातल्या मनात तिला शेलक्या शब्दांत सुनावलं. हिचा नवरा धडधाकट असेल, हिला काय जातंय बोलायला! नवरा खाटेवर पडलाय आणि मी गाणी म्हणत बसू? आवडतं ते करायला मोकळी असते तर देवाला काय दिलं असतं?

उलट मला दुसरंच वाटू लागलं होतं. मला वाटे, नाथाला अजून पुरेसं पोचलं नाही. मी काहीतरी मागं ठेवलंय. आणि खरंच एक गोष्ट मागं ठेवली होती, ती म्हणजे चहा. दुसऱ्या कुणाला यात हसू येईल. पण सकाळी सगळ्यांच्या आधी उठून, आल्याचा चहा करून, कप दोन्ही हातांत धरून मी जी बसायची, तेवढं एकच माझं म्हणून उरलं होतं. ठरवलं की तोही द्यायचा. आणि या वेळी घरातून नाही, नाथाच्या दारात जाऊन, कौल लावून द्यायचा, म्हणजे एकदा होकार दिला की त्यालाही मागं सरता येणार नाही.

लेक पुण्याहून आली, तिच्यावर यांना सोपवून मी रविवारी पहाटेच्या एसटीनं निघाले. निघताना हे जागे होते. कुठं चाललीस ते विचारलं नाही, पण डोळे माझ्यावर होते. साताऱ्याच्या स्टँडवर मेढ्याची गाडी लागायला वेळ होता, म्हणून टपरीवर चहा घेतला. हा शेवटचा, असं मनाशी म्हणून घेतला. तोही धड नव्हता, उकळून उकळून काळा झालेला. तरी थेंब टाकला नाही. मेढ्यापासून पुढं जीपनं आमचं गाव. भाताची कापणी चालली होती, सगळा रस्ता ओल्या पेंढ्याच्या वासाचा. एरवी त्या वासानं मला बरं वाटतं. त्या दिवशी मला फक्त एवढंच कळलं की वास येतोय.

आमच्या नाथाचं देऊळ लहानसं आहे, पण रविवारी कौलाला माणसं येतात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. गुरव देवाच्या मूर्तीला उजवीकडं एक आणि डावीकडं एक अशी फुलाची पाकळी पाण्यानं चिकटवतो, आणि आपलं म्हणणं देवाला मोठ्यानं सांगतो. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. कधी लगेच पडते, कधी ताटकळत बसावं लागतं. माझ्या पुढं एक म्हातारी होती. डोंगरावरच्या कुठल्या वाडीतून चालत आली होती. तिची म्हैस चरायला गेलेली परत आली नव्हती, ती जित्ती आहे का एवढं तिला विचारायचं होतं. तिला उजवी मिळाली. तिनं हात जोडले आणि तिथंच खांबाला टेकून कमरेच्या पिशवीतली मिसरी काढली.

मग मी पुढं झाले. गुरवानं पाकळ्या लावल्या आणि माझ्या वतीनं नाथाला सांगितलं, ही सून दारात आलीया, धन्याच्या पायासाठी चहा सोडायचा म्हनतीया, मंजूर असंल तर उजवा दे. मी डोळे मिटले नाहीत. गाभाऱ्यात समई जळत होती आणि मी त्या दोन पांढऱ्या ठिपक्यांकडं बघत होते. डावी पडली. गुरव म्हणाला, पुन्यांदा लावू या, पाणी कमी पडलं आसंल. पुन्हा लावल्या. पुन्हा डावी. गुरवानं माझ्याकडं बघितलं नाही, पाकळ्या उचलत म्हणाला, "देवाला मंजूर न्हाई, बाई. त्याला नगं हाय."

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. त्या वेळी माझं जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही. जवळ होतं तेवढं सगळं देऊन झालं होतं, आणि शेवटचं उरलेलं घेऊन गेले तर देवानं तेही झिडकारलं. याचा अर्थ मला एकच लागत होता. यांचे पाय परत येणार नाहीत, म्हणून देव आता माझ्याकडून काही घेत नाही. मला वाटलं, आता सांगलीला परत जायचं ते कशासाठी. घर तसंच असणार, भिंतीला लावलेली काठी तशीच असणार. मी पदर तोंडात धरला आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा हमसून रडले.

म्हातारी शेजारी येऊन बसली. काय झालं गं, म्हणाली. अनोळखी माणसाला सांगायला बरं पडतं, त्यात ती माझ्याहून मोठी. मी सगळं सांगितलं. फुलं, भजन, वाकळ, भाभींच्या शेजारी बसणं, सगळं. नवस बोलून दाखवू नये हे मला तेव्हा आठवलंही नाही. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. झाल्यावर चूळ भरून आली आणि मला विचारलं, एवढं दिल्यावर त्यो उठला का? मी म्हणाले, नाही, उलट उठायला बघत होते तेही थांबलं. 

"मग कुनाला दिलंस म्हनायचं?" ती म्हणाली. "हितं तर तुजं गाणं दिसत न्हाई, फुलं दिसत न्हाईत. तुज्या घरातबी न्हाईत. म्हंजी हारवल्यालंच की गं. मी हारवल्याली म्हस मागाय आलीया. तूबी आत जा आन् तुजं हारवल्यालं माग."

मला राग यायला हवा होता. देवाला दिलेलं परत मागायचं, हे आमच्या घरात कुणी ऐकलं असतं तर कानांवर हात ठेवले असते. पण मी उठले. का उठले ते मलाही सांगता येत नाही. एवढंच आठवतं की माझ्यात नको म्हणायचीही ताकद नव्हती. गुरव गाभारा आवरत होता, जेवायची वेळ झाली होती. तो कुरकुरला, एका मानसाला एकाच दिवशी किती कौल लावायचं? मग माझ्या तोंडाकडं बघून पुन्हा पाकळ्या घेतल्या. मी या वेळी यांच्या पायांचं नाव घेतलं नाही. गुरवाला म्हणाले, दिलेलं परत घेऊ का, एवढंच विचारा. त्यानं पाकळ्या लावल्या, हात मागं घेतला, आणि तो तोंड उघडणार एवढ्यात उजवी पडली.

पाणी कमी लागलं होतं, की वारा आला होता, मला माहीत नाही. मी त्यावर कुणाशी वाद घालत नाही. गुरवानं ती पाकळी माझ्या ओंजळीत ठेवली आणि मी बाहेर आले तर म्हातारी निघून गेली होती. तिची म्हैस सापडली का, मला कधीच कळलं नाही. पुढच्या खेपेला गुरवाला विचारलं तर तो म्हणाला, रविवारी कैक म्हाताऱ्या येतात, कुठली म्हणून ध्यानात ठेवू? मी तिला देव करत नाही. ती माणूसच होती, तिच्या लुगड्याला शेणाचा वास येत होता. पण तिला त्या रविवारी माझ्याच पुढं उभं केलं, याबद्दल मी नाथाचे पाय धरते.

परत येताना एसटीत बसून मी विचार केला. देव होकार देतो, पण घरी जाऊन काय कसं करायचं ते सांगत नाही. ते आपल्यालाच बघावं लागतं. मी ठरवलं, जे शेवटी सोडलं ते आधी घ्यायचं, म्हणजे भाभींच्या शेजारची पायरी. दुसऱ्या दिवशी दुपारी यांना जेवू घालून, गोळ्या देऊन मी पायरीवर जाऊन बसले. भाभी दुकानातून आल्या, मला बघून थबकल्या. मी सरकून जागा केली. त्या बसल्या आणि बराच वेळ बांगड्या मागंपुढं करत राहिल्या. मग म्हणाल्या, मला वाटलं, माझंच कायतरी चुकलं. मी त्यांचा हात धरला. माझ्या नवसाची किंमत या बाईनंही भरली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

पण खरं सांगायचं तर पहिले कित्येक दिवस मला कशातच गोडी वाटली नाही. भाभी बोलायच्या, मी हूं हूं करायची. वाकळ काढली तर सुईत दोरा ओवायचाच कंटाळा. घरातली कामं होती तेवढीच होती, एकही कमी झालं नव्हतं, मग हे आणखी एक कशाला, असं वाटायचं. तेव्हा मला एक गोष्ट सुचली. नैवेद्य दाखवताना आपल्याला भूक आहे का ते आपण बघत नाही. वेळ झाली की ताट वाढतो, पाणी फिरवतो. मी तसंच धरलं. दुपारची ती वेळ नाथाची, आणि त्या वेळी मला जे आवडायचं ते मी त्याच्यापुढं मांडायचं, मला आज आवडो न आवडो. अंगात बळ नसेल त्या दिवशी वाकळीला चारच टाके घालायची आणि ठेवून द्यायची. तेवढ्यानं त्या दिवसाला एक खुंटी मिळायची. हळूहळू असं झालं की सकाळी सगळं एकदम अंगावर यायचं थांबलं. आधी अंघोळ, मग अंथरूण, मग नळ, असं एकेक दिसायला लागलं. एका दुपारी भाभींनी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाची नक्कल केली आणि मी मोठ्यानं हसले. माझाच आवाज मला ओळखू येईना. मग मला ती डॉक्टरीणबाई आठवली. तिनं हेच सांगितलं होतं, वाटणं मागून येतं. पोरीनं पेन खाली ठेवून सांगितलेलं मला पटलं नाही, त्यासाठी मेढ्याला जाऊन देवाला तसदी द्यावी लागली. पुढच्या वेळी तिच्यासाठी गजरा घेऊन गेले. ती गोंधळली बिचारी.

वाकळ मी यांच्या खाटेला लागून, खाली जमिनीवर बसून शिवत होते. कापड मोठं, एकटीला ताणून धरता येत नाही, म्हणून एक कोपरा यांच्या डाव्या हाताखाली सरकवला. हात उचलत नव्हता, पण वजनाला चालत होता. यांनी काही विरोध केला नाही. अशाच एका गुरुवारी लेक आली होती तेव्हा मी भजनाला जाऊन आले. गळा बसला होता, गवळण अर्ध्यातच फाटली, आणि बायका हसल्या, मीही हसले. घरी येऊन तीच गवळण गुणगुणत टाके घालत होते. केसांत भाभींनी हौसेनं माळलेली अबोली होती. हे बराच वेळ माझ्याकडं बघत होते. मग जड जिभेनं विचारलं, नवस सुटला का? मी चालत नसताना कसा सुटला? मी तोपर्यंत यांना कौलाचं सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. नाथानं चहा घेतला नाही, आधीचं होतं तेही सगळं परत दिलं.

 मग वाकळीच्या कोपऱ्याखालची यांची बोटं हलली, मला कापडाला ओढ जाणवली.

"म्हंजी आता मी पडलो," हे म्हणाले, "तर तू काय टाकनार न्हाईस?"

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, आवं, असं का विचारताय? तर यांनी थांबत थांबत जे सांगितलं ते ऐकून माझ्या हातातली सुई तशीच राहिली. हे म्हणाले, मोरीपाशी पडलो, तुझं गाणं गेलं. अंगणात पडलो, तुझी वाकळ गेली. मी उठायला जायचं आणि तुझं एकेक जायचं. तुझ्याकडं काही उरलं नाही, असं मला दिसत होतं. मग मी म्हटलं, आता उठायचंच नाही. उठलोच नाही तर पडणार नाही, आणि पडलो नाही तर हिचं आणखी काही जाणार नाही.

एवढे महिने मी देवाला वाढवून वाढवून देत होते आणि त्या देण्यानंच मी यांना खाटेला बांधून घातलं होतं. मी यांच्या खाटेच्या कडेवर डोकं ठेवून रडले. यांचा उजवा हात माझ्या डोक्यावर होता. सीमेवर बर्फात उभा राहिलेला माणूस, आपल्या पडण्याला कधी भ्यायला नाही. भ्यायला तो माझ्या देवभक्तीला. मला यांची दया आली, माझा राग आला, आणि त्याहून जास्त म्हणजे नाथाचा नकार पहिल्यांदा कळला. त्यानं ती डावी पाकळी दोनदा टाकली नसती तर मी चहा सोडून, मोठं काही केल्याच्या समाधानात घरी आले असते, आणि यांना वाटलं असतं की आता हिचं उरलेलंही गेलं.

यांनी काठी मागितली. मी आणून दिली. पाय खाली टेकवले, उजव्या हातानं काठी धरली, दम घेतला आणि उठले. गुडघे थरथरत होते. एक पाऊल पडलं, दुसऱ्याला डावा पाय लटपटला आणि हे खाटेच्या कडेला धडपडून खाली बसले. कोपराला खरचटलं. सवयीनं माझी नजर देव्हाऱ्याकडं गेली. तोंडात शब्द येऊ घातले होते, नाथा, आता मी अमुक सोडते. यांनी ते ओळखलं. कोपर चोळायचं सोडून हे माझ्या तोंडाकडं बघत होते, लहान मूल मोठ्या माणसाकडं बघतं तसे. मी तोंडातले शब्द गिळले. यांना हात देऊन खाटेवर बसवलं, वाकळीचा कोपरा यांच्या हाताखाली परत सरकवला, खाली बसले, आणि सुई घेऊन पुढचा टाका घातला. मग आणखी एक. तिसऱ्या टाक्याला हे म्हणाले, परत उठू का?

आता हे काठी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातात. डावा पाय अजून ओढतात, बोलणंही पूर्वीसारखं नाही, आणि अधूनमधून पडतातही. हे पाय नाथानं दिले असं मी कुणाला सांगत नाही. यांनी घाम गाळला आणि ताईंनी यांच्याकडून तो गाळून घेतला. नाथानं माझा नवस घेतला नाही, एवढंच मी त्याच्या नावावर ठेवते, आणि जन्मभर त्याच्या पायांशी वाकले तरी ते फिटणार नाही. सासूबाईंच्या भाताला मी नावं ठेवत नाही. त्यांचं आणि देवाचं ते होतं. माझ्यापुरतं मला एवढं कळलं की देवावर सोपवायचं म्हणजे आपल्या हातातलं फेकून द्यायचं नव्हे. मागणं अजून असतंच. रोज सकाळी त्याच्यापुढं उभी राहून मी यांच्या पायांसाठी मागते, मग सांगते, तू देशील तेव्हा दे, नाही दिलंस तरी मी आज माझे चार टाके घालणार आहे. आणि नमस्कार करून उठते.